वाहनाची वाढीव हमी : घ्यावी की न घ्यावी?

पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा जवळ आला की मोटारींच्या शोरूममध्ये गर्दी होते. वर्षानुवर्षे पैसा साठवून, उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज काढून एखादे कुटुंब आपली पहिली मोटार घेण्यासाठी येते. गाडीला हार घातला जातो, चाकाखाली नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. याच आनंदाच्या घाईत विक्रेता एक शेवटचा कागद पुढे सरकवतो. ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ या नावाने ओळखली जाणारी ती वाढीव हमी असते. रक्कम वीस-पंचवीस हजारांची असते. “साहेब, आठ लाखांच्या गाडीसाठी एवढ्याने काय होते? पुढे काही झाले तर लाखाचा खर्च येईल,” असे सांगितले जाते आणि सही होते. गाडी निवडताना ज्या कुटुंबाने सहा महिने चौकशी केली, तेच कुटुंब या कागदावर सहा मिनिटेही खर्च करीत नाही.

ही रक्कम लहान नव्हे. तालुक्याच्या गावी नोकरी करणाऱ्या शिक्षकाच्या घरात तेवढ्या पैशात मुलीच्या वसतिगृहाचे काही महिन्यांचे शुल्क भागू शकते. दुसरीकडे, हमी नसताना गाडीचा गिअरबॉक्स निकामी झाला तर त्याच घराची वर्षभराची शिल्लक एका दिवसात संपू शकते. म्हणून या प्रश्नाला ‘नेहमी घ्यावी’ किंवा ‘कधीच घेऊ नये’ असे सरसकट उत्तर नाही. ते प्रत्येकाने आपल्या परिस्थितीनुसार काढावयाचे असते. ते कसे काढावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मूळ हमी आणि वाढीव हमी

नव्या वाहनासोबत निर्माता जी हमी देतो ती किमतीतच अंतर्भूत असते. तिचा अर्थ असा की, ठरलेल्या मुदतीत साहित्यातील किंवा बांधणीतील दोषामुळे एखादा भाग निकामी झाला तर तो विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून दिला जाईल. ही मुदत वर्षे व किलोमीटर अशा दोन्ही मापांत असते आणि दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे हमी संपते. अलीकडच्या काळात मूळ हमीची मुदत वाढत गेली आहे. देशातील सर्वाधिक मोटारी विकणाऱ्या कंपनीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी २ वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत नेली. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या मुख्य बॅटरीस ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंतची हमी मिळते. म्हणजेच वाढीव हमीचा विचार करताना पहिला प्रश्न हा की, मुळात किती हमी मिळालेली आहे?

वाढीव हमी ही वेगळी बाब होय. मूळ हमी संपल्यानंतरच्या काळासाठी वेगळे पैसे देऊन केलेला तो सेवाकरार असतो. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस हमी कायद्याने हा भेद स्पष्ट केला आहे : वस्तूच्या किमतीतच मिळते ती हमी, आणि जादा पैसे मोजून मिळतो तो सेवाकरार. आपल्याकडे दोन्हींस ‘वॉरंटी’ असेच म्हणण्याची पद्धत असल्यामुळे ग्राहकाचा गोंधळ होतो. जी गोष्ट विकत घ्यावी लागते तिची किंमत आणि तिचे मोल यांची तुलना केलीच पाहिजे, एवढे यातून लक्षात घ्यावे.

वाढीव हमी म्हणजे विमाही नव्हे. अपघात, चोरी, आग, पूर यांमुळे होणारी हानी विम्याच्या कक्षेत येते. हमी आतून उद्भवलेल्या बिघाडापुरती असते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली तेव्हा असंख्य वाहने पाण्यात बुडाली. अशा पाण्यात गाडी सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनात पाणी शिरून ते निकामी होते. हे नुकसान निर्मितीदोषामुळे झालेले नसल्याने हमीत बसत नाही आणि साध्या विम्यातही अनेकदा वगळले जाते. त्यासाठी विम्यासोबत इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. नदीकाठच्या किंवा सखल भागातील वाहनमालकाने वाढीव हमीवर पैसे खर्च करण्यापूर्वी हे कलम आपल्या विम्यात आहे की नाही, हे आधी पाहावे.

बिघाड केव्हा होतात?

यंत्रांच्या बिघाडांचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांनी यंत्राच्या आयुष्याचे तीन टप्पे मानले आहेत. पहिल्या टप्प्यात, म्हणजे यंत्र नवे असताना, कारखान्यात राहून गेलेले दोष उघड होतात आणि बिघाडांचे प्रमाण तुलनेने जास्त असते. दुसऱ्या टप्प्यात यंत्र स्थिरावते. बिघाड क्वचित होतात. तिसऱ्या टप्प्यात झीज होऊन बिघाड पुन्हा वाढू लागतात. या तिन्ही टप्प्यांचा आलेख काढला तर त्याची बाजू न्हाणीघरातील टबासारखी दिसते : दोन्ही कडा उंच, मधला भाग सपाट.

आता वाढीव हमीचा काळ या आलेखावर ठेवून पाहावा. पहिल्या उंच कडेचा भार मूळ हमी उचलते. चौथे व पाचवे वर्ष हे बेताने चालविलेल्या आणि वेळेवर सर्व्हिसिंग झालेल्या मोटारीच्या बाबतीत बहुधा मधल्या सपाट भागात येते. शेवटची उंच कडा सुरू होईपर्यंत वाढीव हमीही संपलेली असते. शिवाय झिजेमुळे बदलावे लागणारे भाग, उदाहरणार्थ क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, दिवे, रबरी बुश, फिल्टर व तेल, हे या कराराच्या बाहेर असतात. चालकाला वर्षानुवर्षे ज्या बाबींवर प्रत्यक्षात पैसे मोजावे लागतात, त्यांतील बऱ्याच बाबी याच यादीत आढळतात. टायर व साधी बॅटरी यांची हमी त्या-त्या वस्तूच्या निर्मात्याकडून मिळते.

याचा अर्थ वाढीव हमी निरुपयोगी आहे, असा मात्र नाही. स्वयंचलित गिअरबॉक्स, टर्बोचार्जर, इंधनाचा उच्चदाब पंप, पॉवर स्टिअरिंगची विद्युत मोटार, ए.सी.चा कॉम्प्रेसर, संगणकीय नियंत्रक यांसारखे भाग क्वचित बिघडतात. परंतु बिघडले म्हणजे खर्च मोठा येतो. पूर्वीच्या साध्या गाडीची दुरुस्ती गावातील मेस्त्री अनुभवाच्या जोरावर करू शकत असे. आजच्या गाडीतील नियंत्रक बिघडला तर तो बहुधा बदलावाच लागतो. दुर्मिळ पण मोठा खर्च, हेच वाढीव हमीचे खरे क्षेत्र होय.

एक हिशेब

पुढील आकडे केवळ पद्धत समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. वाचकाने त्या जागी आपल्या गाडीचे प्रत्यक्ष आकडे घालावेत.

समजा, एका साध्या पेट्रोल मोटारीची मूळ हमी ३ वर्षांची आहे आणि चौथ्या व पाचव्या वर्षासाठी वाढीव हमीचे २४,००० रुपये मागितले जात आहेत. अशा १०० गाड्यांचा एकत्र विचार करू. चौथ्या व पाचव्या वर्षांत यांपैकी ७४ गाड्यांना हमीत बसणारा कोणताही मोठा बिघाड झाला नाही. २० गाड्यांना सरासरी १५,००० रुपयांचा खर्च आला. ५ गाड्यांना ८०,००० रुपयांचा आणि एका गाडीला १,५०,००० रुपयांचा खर्च आला. एकूण खर्च अनुक्रमे ३ लाख, ४ लाख व दीड लाख, म्हणजे ८,५०,००० रुपये झाला. दर गाडीमागे तो ८,५०० रुपये पडतो. उलट १०० मालकांनी मिळून भरलेली रक्कम २४ लाख रुपये आहे.

मधला फरक कोठे जातो? करासह २४,००० रुपयांच्या रकमेत १८ टक्के वस्तू व सेवा कर धरल्यास त्यापोटीच सुमारे ३,६६० रुपये जातात. उरलेल्या रकमेतून विक्रेत्याचा मोबदला, व्यवस्थापनाचा खर्च आणि नफा निघतो. यात गैर काही नाही. प्रत्येक व्यवसाय असाच चालतो. परंतु ग्राहकाने हे जाणले पाहिजे की, सरासरीचा विचार करता वाढीव हमी ही बहुधा तोट्याची खरेदी असते. वरील उदाहरणात ८,५०० रुपयांच्या संभाव्य खर्चासाठी २४,००० रुपये दिले गेले. वरचे १५,५०० रुपये ही निश्चिंतपणाची किंमत होय.

ही किंमत योग्य की अयोग्य, हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर अवलंबून आहे. ८०,००० रुपयांचा खर्च अचानक आला तर तो सोसण्याइतकी शिल्लक ज्याच्याजवळ आहे, त्याने निश्चिंतपणा विकत घेण्याचे कारण नाही. ज्याच्याजवळ ती नाही, ज्याला त्यासाठी सावकाराकडे किंवा दागिन्यांच्या गहाणाकडे वळावे लागेल, त्याच्या दृष्टीने सरासरीचा हिशेब अपुरा ठरतो. शंभरांतील त्या सहा गाड्यांपैकी एक आपली निघाली तर काय होईल, हा त्याचा प्रश्न असतो आणि तो रास्त आहे.

गाडी जितकी गुंतागुंतीची, तितका हिशेब बदलतो. समजा, स्वयंचलित गिअरबॉक्सच्या महागड्या गाडीसाठी वाढीव हमी ३५,००० रुपयांना मिळते आणि त्या प्रकारच्या १०० गाड्यांपैकी २० गाड्यांना दीड लाखाचा व २५ गाड्यांना २०,००० रुपयांचा खर्च येतो. एकूण खर्च ३५ लाख, म्हणजे दर गाडीमागे ३५,००० रुपये होतो. येथे किंमत आणि संभाव्य लाभ बरोबरीस आले. एखाद्या प्रकारच्या गाडीत विशिष्ट दोष वारंवार आढळतो, अशी खात्रीची माहिती त्याच गाडीच्या चार-पाच जुन्या मालकांकडून मिळाली, तर वाढीव हमी घेण्यात शहाणपणा ठरेल. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण येथे अगदी लागू पडते.

पैसे आज, लाभ तीन वर्षांनी

हिशेबातील आणखी एक बाब सहज नजरेआड होते. वाढीव हमीचे पैसे गाडी घेण्याच्या दिवशी दिले जातात; तिचा उपयोग मात्र मूळ हमी संपल्यावरच सुरू होतो. २४,००० रुपये ७ टक्के व्याजाने ३ वर्षे गुंतविले असते तर त्यांचे सुमारे २९,४०० रुपये झाले असते. म्हणजे चौथ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ही हमी खऱ्या अर्थाने २९,४०० रुपयांना पडलेली असते.

बहुतेक वेळा ही रक्कम गाडीच्या कर्जातच मिळविली जाते. “हप्त्यात कळणारसुद्धा नाही,” असे सांगितले जाते. २४,००० रुपयांचे कर्ज ९ टक्के दराने ५ वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ४९८ रुपये होतो आणि एकूण फेड सुमारे २९,९०० रुपयांची होते. हेच दरमहा ५०० रुपये त्या कुटुंबाने टपाल खात्याच्या ५ वर्षांच्या आवर्ती ठेवीत भरले तर तीन वर्षांअखेर १८,००० रुपये मुद्दल जमा होते आणि पाच वर्षांअखेर ३०,००० रुपये मुद्दल व त्यावरील व्याज हाती येते. निकड पडल्यास हे खाते तीन वर्षांनंतर मुदतीपूर्वी बंद करता येते. मात्र तेव्हा व्याज कमी मिळते. बिघाड झालाच नाही तर सर्व रक्कम घरातच राहते आणि तिचा उपयोग टायर, विमा किंवा मुलांच्या शिक्षणासाठी होऊ शकतो. या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे : तो नियमाने हप्ता भरणाऱ्यासाठीच आहे. ‘स्वतः साठवू’ असे म्हणून जो साठवत नाही, त्याच्याजवळ अखेर ना हमी राहते ना पैसा.

निर्णय त्याच दिवशी घेणे आवश्यक असते काय? अनेक कंपन्या मूळ हमी चालू असेपर्यंत वाढीव हमी विकत घेण्याची मुभा देतात; उशीर होईल तसा दर वाढतो. ही अट आधी लेखी विचारून घ्यावी. थोडा जास्त दर देऊनही थांबणे कधीकधी फायद्याचे असते. कारण दोन-अडीच वर्षांत आपली गाडी कशी निघाली, ती आपण खरोखर किती चालवितो आणि ती पाच वर्षे ठेवणार की आधीच विकणार, या तिन्ही गोष्टी तोवर स्पष्ट झालेल्या असतात.

वर्षे की किलोमीटर?

हमीच्या कागदावरील वर्षांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. किलोमीटरची मर्यादा लहान अक्षरांत असते. वर्षाला ८,००० किलोमीटर गाडी चालविणाऱ्या शिक्षकाच्या बाबतीत पाच वर्षांत ४०,००० किलोमीटर होतात. १,४०,००० किलोमीटरची मर्यादा त्याच्या उपयोगाची नाही. त्याची हमी वर्षांवरच संपणार.

याउलट स्वतःची गाडी भाड्याने चालवून पोट भरणाऱ्या चालकाचा विचार करावा. तो वर्षाला ४०,००० किलोमीटर चालवितो. ३ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरची मूळ हमी त्याच्यासाठी अडीच वर्षांतच संपते. ५ वर्षे किंवा १,४०,००० किलोमीटरची वाढीव हमी त्यानंतर अवघे एक वर्ष टिकते. कागदावरची पाच वर्षे प्रत्यक्षात साडेतीन झाली. शिवाय प्रवासी वाहतुकीसाठी वापरलेल्या वाहनांस अटी वेगळ्या असू शकतात. तथापि त्याचा गाडीचा वापर खडतर असतो आणि गाडी बंद म्हणजे कमाई बंद, हेही खरे. अशा चालकाने दर वर्षाऐवजी दर किलोमीटरमागे हमी कितीला पडते, हे काढावे. ४०,००० जादा किलोमीटरसाठी २४,००० रुपये म्हणजे किलोमीटरला ६० पैसे. ६० पैशांत ही निश्चिंती त्याला परवडते की नाही, हे भाड्याच्या दरावरून तो लगेच सांगू शकेल.

ग्रामपंचायतीची घंटागाडी

हा प्रश्न केवळ खाजगी मोटारींपुरता नाही. ग्रामपंचायती घंटागाडी, पाण्याचा टँकर किंवा रुग्णवाहिका विकत घेतात, तेव्हाही वाढीव हमीचा किंवा वार्षिक देखभाल कराराचा प्रस्ताव समोर येतो. येथे एक तत्त्व लक्षात ठेवावे. ज्या संस्थेजवळ शेकडो वाहने आहेत तिला वाढीव हमीची फारशी गरज नसते. काही गाड्या बिघडतात, बऱ्याच नीट चालतात आणि सरासरी तिच्या अंदाजपत्रकातच साधली जाते. ती स्वतःच स्वतःची विमाकंपनी असते. एकच वाहन असलेल्या ग्रामपंचायतीची स्थिती मात्र एकच मोटार असलेल्या कुटुंबासारखी असते. अनपेक्षित खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर घंटागाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी राहते आणि कचरा गल्लीत साचतो.

परंतु ग्रामपंचायतीने आणखी दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पहिली म्हणजे अंतर. हमीचे काम कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्येच होत असेल आणि ते वर्कशॉप ९० किलोमीटरवर जिल्ह्याच्या ठिकाणी असेल, तर बंद वाहन तेथपर्यंत ओढून नेण्याचा खर्च कोणी करावयाचा? सुटा भाग येईपर्यंत पर्यायी वाहन मिळेल काय? रुग्णवाहिकेच्या बाबतीत पैशापेक्षा बंद राहिलेले दिवस महत्त्वाचे असतात आणि हमी त्या दिवसांची भरपाई सहसा देत नाही. दुरुस्ती किती दिवसांत होईल, हे करारात लिहून घेता आले तर त्या कलमाचे मोल किमतीतील सवलतीपेक्षा अधिक समजावे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. सरपंच बदलतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांची बदली होते आणि हमीचा कागद कपाटात कोठे आहे हे कोणालाच ठाऊक राहत नाही. मग हमी चालू असतानाही बाहेरच्या गॅरेजात पैसे भरून दुरुस्ती केली जाते. यावर उपाय सोपा आहे. वाहनाच्या नोंदवहीच्या पहिल्याच पानावर हमीचा क्रमांक, शेवटची तारीख, किलोमीटरची मर्यादा आणि पुढील सर्व्हिसिंगची तारीख लिहावी. पदभार सोपविताना ते पान वाचून दाखवावे.

सही करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

करार हाती आल्यावर पुढील प्रश्नांची उत्तरे त्यातच शोधावीत. ती तोंडी मिळाली तर लेखी मागावीत.

१. हमी कोण देत आहे : निर्माता, विक्रेता की तिसरीच कंपनी? विक्रेत्याचे दुकान बंद झाले तर जबाबदारी कोणाची?

२. कोणते भाग समाविष्ट आहेत? ‘सर्व काही’ या शब्दांवर विसंबू नये. वगळलेल्या भागांची यादी आधी वाचावी.

३. सुट्या भागांची पूर्ण किंमत मिळेल की घसारा वजा होईल? मजुरी समाविष्ट आहे काय?

४. एका दुरुस्तीस किंवा एकूण मुदतीस रकमेची मर्यादा आहे काय?

५. हमी देशभर चालेल की ठरावीक वर्कशॉपपुरतीच?

६. सर्व्हिसिंग किती दिवस किंवा किती किलोमीटर उशिरा झाले तर हमी रद्द होते? बाहेरून ए.सी., संगीतयंत्र, जादा दिवे किंवा गॅस किट बसविल्यास काय होते?

७. गाडी विकल्यास हमी नव्या मालकाच्या नावे होते काय? होत असल्यास गाडीला चांगली किंमत येण्यास मदत होते.

८. मुदतीपूर्वी करार रद्द केल्यास पैसे परत मिळतात काय?

उंदरांनी वायर कुरतडणे, भेसळीचे इंधन, पाणी शिरणे आणि निष्काळजी वापर या कारणांनी झालेले बिघाड हमीत बसत नाहीत, हे लक्षात ठेवावे. सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती व जॉब कार्ड जपून ठेवावे. ‘सर्व्हिसिंग वेळेवर झाले नव्हते’ असा आक्षेप आला तर हे कागदच ग्राहकाच्या बाजूने बोलतात.

कायदा काय म्हणतो?

हमी घेतली नाही म्हणून ग्राहक निराधार होत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० मध्ये विक्रीच्या शर्ती व हमी यांचा विचार केलेला आहे. महाराष्ट्रात १९७४ पासून ग्राहक पंचायतीच्या रूपाने ग्राहकांची संघटित चळवळ उभी राहिली. पुढे १९८६ मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ ने घेतली असून तो जुलै २०२० पासून लागू आहे. या अधिनियमात सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीबद्दल निर्मात्याची व विक्रेत्याची जबाबदारी निश्चित केली आहे. एक वस्तू घ्यावयाची तर दुसरी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती करणे ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा मानली जाते. ‘वाढीव हमी घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर ते निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही.

गाडीतील सुरक्षाविषयक दोष हा हमीपेक्षा वेगळा विषय आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली आणि तिचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांच्या बाबतीत शासन असा आदेश देऊ शकते. कंपनीने अशा दोषासाठी गाडी परत बोलाविली असेल तर त्या कामासाठी वाढीव हमीची गरज नाही. आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन असे काही काम बाकी आहे काय, हे अधूनमधून विचारावे.

बाहेरच्या गॅरेजात काम केले म्हणून संपूर्ण हमी रद्द, या अटीबाबतही एक निर्णय नोंद घेण्याजोगा आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. सुटे भाग खुल्या बाजारात न मिळू देणे आणि स्वतंत्र गॅरेजात दुरुस्ती केल्यास सरसकट हमी रद्द करणे, या प्रथांवर आयोगाने त्यात ताशेरे ओढले व दंड ठोठावला. या आदेशाविरुद्ध पुढे अपिले झाली. तेव्हा ग्राहकाने केवळ या निर्णयावर विसंबून न राहता आपल्या करारातील अट वाचूनच बाहेरचे काम करवून घ्यावे.

हमी असूनही ती नाकारली गेली तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर दाद मागता येते. त्यानेही काम न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तेथे करता येते. तो ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय २०१९ च्या अधिनियमाने झाली आहे, त्यामुळे कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी धावण्याची गरज उरलेली नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. वकील दिलाच पाहिजे असे नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः गाडी चालविणाऱ्या चालकासही या कायद्याने ग्राहक मानले आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे सांगता येईल. साधी, खात्रीची मोटार, बेताचा वापर, लांब मुदतीची मूळ हमी आणि लाखभराची शिल्लक, या गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याने वाढीव हमीवर खर्च करण्याऐवजी तेवढी रक्कम दरमहा बाजूला टाकावी. गुंतागुंतीची गाडी, ज्ञात दोष, खडतर वापर किंवा मोठा खर्च अचानक सोसण्याची अक्षमता, यांपैकी दोन-तीन गोष्टी लागू असतील तर निर्मात्याने स्वतः दिलेली वाढीव हमी घेणे श्रेयस्कर. मात्र तिचे पैसे कर्जात न मिळविता रोखीने द्यावेत. मूळ हमी संपण्यापूर्वीच गाडी विकण्याचा विचार असेल तर ती घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

शिक्षकांना या विषयाचा आणखी एक उपयोग आहे. टक्केवारी, सरासरी, चक्रवाढ व्याज आणि संभाव्यता हे धडे मुलांना अनेकदा कोरडे वाटतात. वरील शंभर गाड्यांचा हिशेब फळ्यावर मांडून ‘तुमच्या घरी काय ठरवाल?’ असे विचारले तर तीच मुले घरी जाऊन वडिलांकडे हमीचा कागद मागतील. तो कागद घरात कोणीच वाचलेला नाही, असे त्यांना आढळले तरी हरकत नाही. त्या संध्याकाळी तो प्रथमच वाचला जाईल आणि पुढील सही करताना त्या घरात घाई होणार नाही.